भयपटांना मान कसा मिळाला? मानवतच्या 'आक्रीत'पासून 'तुंबाड'पर्यंत

"भुताचा पिक्चर आहे, टाइमपास म्हणून बघ." भयपटांबद्दल आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच ऐकायला मिळत होतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र चित्र बदललं आहे. 'तुंबाड'वर लोक तासन् तास चर्चा करतात, समीक्षक भयपटांना वर्षातल्या उत्तम चित्रपटांच्या यादीत घेतात, आणि ऑस्कर किंवा कान महोत्सवातही या चित्रपटांना बक्षिसं मिळतात.

हे कसं झालं? त्यात मराठी कथांचा आणि मराठी माणसांचा वाटा किती? आणि भानामती, करणी, गुप्तधन हे शब्द जिथे आजही दबक्या आवाजात बोलले जातात, त्या नांदेड-लातूरच्या प्रेक्षकाने या चित्रपटांकडे कसं पाहावं? सविस्तर समजून घेऊया.

(सूचना: पुढे काही चित्रपटांच्या कथेतले महत्त्वाचे भाग आले आहेत. 'लपाछपी' आणि 'तुंबाड' पाहिले नसतील, तर आधी ते पाहून मग हा लेख वाचला तरी चालेल.)

थोडक्यात

• भयपटांना समीक्षकांची दाद मिळू लागली, कारण त्यातली भीती एखाद्या खऱ्या प्रश्नाशी जोडली गेली: हाव, वंशवाद, मुलींची हत्या, दुःख.
• मराठवाड्यातल्या मानवत हत्याकांडावर १९८१ मध्येच 'आक्रीत' हा मराठी चित्रपट आला आणि त्याला फ्रान्समध्ये पुरस्कार मिळाला.
• 'लपाछपी' (२०१७) आणि 'तुंबाड' (२०१८) या दोन चित्रपटांनी मराठी मातीतली भीती देशभर आणि देशाबाहेर नेली.
• 'तुंबाड'मधला हस्तर पुराणात नाही. तो चित्रपटासाठी रचलेला आहे.
• जादूटोणाविरोधी कायद्याखाली राज्यातला पहिला गुन्हा सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडमध्ये नोंदवला गेला. त्यामुळे पडद्यावरची भीती आणि गावातली भीती यातला फरक ओळखणं इथे फार गरजेचं आहे.

भयपटांना कमी का लेखलं जायचं?

हिंदीत भुताच्या गोष्टींची सुरुवात वाईट नव्हती. कमाल अमरोही यांचा 'महल' १९४९ चा. जुना वाडा, अर्धवट राहिलेलं प्रेम, रात्री ऐकू येणारं गाणं, हा साचा त्याने घालून दिला. १९६२ च्या 'बीस साल बाद'नेही तोच रस्ता धरला.

पुढे १९७२ मध्ये रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' आला. कमी बजेट, थोड्या दिवसांचं शूटिंग, मेकअप केलेला राक्षस आणि 'फक्त प्रौढांसाठी' हे प्रमाणपत्र असं त्यांचं गणित होतं. 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. लहान शहरांत आणि तालुक्याच्या टॉकीजमध्ये ते जोरात चालले. पण 'भयपट म्हणजे स्वस्तातला मसाला' हा शिक्काही त्याच काळात बसला. मोठे नट दूर राहिले आणि समीक्षकांनी या चित्रपटांची दखल घेणं जवळपास सोडून दिलं.

मराठीत भूत बहुतेकदा हसवायला आलं. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू आणि 'पछाडलेला' (२००४) मधली भुतं घराघरांत पोहोचली, पण त्यांच्याकडे कुणी गंभीरपणे पाहिलं नाही. गंमत अशी की त्याच काळात मराठीत भयकथेचं साहित्य भरभरून लिहिलं जात होतं. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं जिल्ह्याच्या ग्रंथालयांत हातोहात जायची. साहित्यात भय होतं आणि त्याला वाचकही होता. पडद्यावर मात्र ते यायला बराच वेळ लागला.

दरम्यान राम गोपाल वर्मा यांनी वेगळा प्रयत्न केला. 'रात' (१९९२) आणि 'भूत' (२००३) मध्ये त्यांनी वाडा आणि स्मशान सोडून भूत शहरातल्या साध्या घरात आणलं. 'भूत'साठी उर्मिला मातोंडकर यांना फिल्मफेअरचा समीक्षकांचा सर्वोत्तम अभिनेत्री पुरस्कार मिळाला. भुताने झपाटलेल्या बाईची भूमिका पुरस्काराच्या तोलाची असू शकते, हे त्यामुळे हिंदी सिनेसृष्टीला मान्य करावं लागलं. दक्षिणेत हे दहा वर्षं आधीच घडलं होतं. मल्याळम 'मणिचित्रताळ' (१९९३) साठी शोभना यांना सर्वोत्तम अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. 'भूल भुलैया'ची मूळ कथा तीच.

जगात वारं कधी फिरलं?

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) हा सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला भयपट. त्याला दहा नामांकनं होती आणि दोन पुरस्कार मिळाले. पण ते अपवादच राहिलं.

खरा बदल २०१४ नंतर दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर केंट यांचा 'द बाबाडूक' (२०१४) नवरा गमावलेल्या आईच्या दुःखाची गोष्ट सांगतो. रॉबर्ट एगर्स यांच्या 'द विच'ला २०१५ मध्ये सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये जॉर्डन पील यांचा 'गेट आउट' आला. गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांना भेटायला गेलेल्या काळ्या तरुणाची ही गोष्ट. गोड बोलणारी, सुशिक्षित माणसं किती भयानक असू शकतात हे त्यात दिसतं. या चित्रपटाला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. पुढे फ्रान्सच्या 'तितान'ला २०२१ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, तर 'द सबस्टन्स'ला २०२४ मध्ये तिथेच पटकथेचा पुरस्कार मिळाला.

इंग्रजी समीक्षेत अशा चित्रपटांना 'एलिव्हेटेड हॉरर' म्हणतात, म्हणजे वरच्या दर्जाचा भयपट. हा शब्द अनेक दिग्दर्शकांना आवडत नाही, कारण त्यातून बाकीचे भयपट खालच्या दर्जाचे ठरतात. आपण एवढंच लक्षात ठेवूया: या चित्रपटांत भूत किंवा राक्षस गोष्टीचं दार असतं. आत गेल्यावर जे सापडतं ते आपल्या ओळखीचं असतं.

मराठवाड्याचं पान: मानवत आणि 'आक्रीत'

ही लाट येण्याच्या तेहतीस वर्षं आधी मराठीत एक चित्रपट झाला होता आणि त्याचं मूळ नांदेड-लातूरच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात आहे.

१९७२ चा दुष्काळ अजूनही मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी असतो. त्याच सुमारास, १९७२ ते १९७४ या काळात, मानवत परिसरात लहान मुली आणि स्त्रियांच्या एकामागून एक हत्या झाल्या. गुप्तधन मिळावं आणि अपत्य व्हावं म्हणून हे बळी दिले गेले, असा तपास यंत्रणेचा आरोप होता. मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी या प्रकरणाचा छडा लावला. 'मानवत हत्याकांड' म्हणून ते देशभर गाजलं.

या घटनेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि अमोल पालेकर यांनी 'आक्रीत' (१९८१) दिग्दर्शित केला. हिंदीत साध्या, लाजऱ्या नायकाच्या भूमिकांसाठी लोकप्रिय असलेल्या पालेकरांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. त्यात त्यांनी स्वतः मुख्य भूमिका केली आणि चित्रा पालेकर त्यांच्यासोबत होत्या. फ्रान्समधल्या नान्त शहरात भरणाऱ्या 'थ्री कॉन्टिनेंट्स' महोत्सवात १९८१ मध्ये 'आक्रीत'ला ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला.

'आक्रीत'ला कुणी भयपट म्हणत नाही. तो गुन्ह्याच्या गोष्टीत मोडतो आणि त्यात भूत नाही. पण आज ज्या गुणांसाठी भयपटांची वाखाणणी होते, ते सगळे त्यात आहेत: अंधश्रद्धा, सत्ता, हाव आणि त्यात बळी जाणाऱ्या मुली. भीती वाटते ती माणसांची.

हेच प्रकरण ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' या मराठी मालिकेतून सोनी लिव्हवर पुन्हा आलं. दिग्दर्शक 'आत्मपॅम्फ्लेट'वाले आशिष बेंडे. आशुतोष गोवारीकर यांनी रमाकांत कुलकर्णींची भूमिका केली, तर मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर महत्त्वाच्या भूमिकांत होते. तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पिढी त्या मालिकेमुळे मानवतबद्दल वाचू लागली.

'लपाछपी': उसाच्या फडातली भीती

विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. कथा साधी आहे. आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिचा नवरा (विक्रम गायकवाड) पैशांच्या भानगडीमुळे शहर सोडतात आणि उसाच्या शेतांच्या मधोमध असलेल्या एका घरात आसरा घेतात. तिथे तुळसाबाई (उषा नाईक) नेहाची काळजी घेते. हळूहळू नेहाला मुलांचे आवाज येऊ लागतात.

या चित्रपटात अंधारा वाडा नाही. बरीचशी भीती भर दिवसा, ऊन असताना दाखवली आहे. मांजरा नदीच्या पट्ट्यात किंवा नांदेडकडच्या उसाच्या भागात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऊस डोक्याच्या वर गेला की फडात शिरलेल्या माणसाला चार हातांवरचं दिसत नाही. सगळ्या बाजू सारख्याच दिसतात. पानांची सळसळ वाऱ्याची की कुणाच्या चालण्याची, हे कळत नाही. चित्रपटाने या अनुभवाचा चक्रव्यूह केला आहे.

पण समीक्षकांनी दखल घेतली ती त्याच्या गाभ्यामुळे. या घरातलं रहस्य म्हणजे जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याची परंपरा. जिची भीती वाटते ती भुतं स्वतःच बळी आहेत आणि जे सर्वात प्रेमळ वाटतात ते हत्येचे भागीदार.

ही गोष्ट आपल्याकडे किती खरी आहे ते आकडे सांगतात. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८९४ झाल्या. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात तर हा आकडा ८९४ वरून ८०७ वर आला, जो राज्यात सर्वात कमी होता. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कायदा असूनही मुली कमी होत राहिल्या. 'लपाछपी'तलं भूत याच जागेतून येतं.

पुढे फुरिया यांनीच त्याचा हिंदी रिमेक 'छोरी' केला. नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट नोव्हेंबर २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला आणि २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. मराठी भयपट हिंदीत जाणं आणि मूळ दिग्दर्शकालाच ते काम मिळणं, ही फारशी घडणारी गोष्ट नाही.

'तुंबाड': एका ऐकीव गोष्टीचा मोठा प्रवास

या सगळ्यांत सर्वाधिक मान मिळवला तो 'तुंबाड'ने. भाषा हिंदी, पण गोष्ट, गाव, घर, माणसं सगळं मराठी.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणारे मराठी लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना रात्री एक भयकथा सांगितली आणि ती डोक्यात बसली. ती नारायण धारप यांची कथा होती. धारपांची ती कथा स्टीफन किंग यांच्या एका इंग्रजी कथेवर बेतलेली होती. म्हणजे अमेरिकेतल्या आजीची गोष्ट धारपांमुळे मराठी घरात आली, तिथून तोंडी नागझिऱ्यात पोहोचली आणि मग चित्रपटात शिरली. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचलं. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्यातलं खरं गाव आहे. कादंबरीचा आणि चित्रपटाच्या कथेचा मात्र संबंध नाही.

चित्रपट तयार व्हायला वर्षं लागली. बर्वे यांनी सातशे पानांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक दृश्याची चित्रं, आधी काढून ठेवली होती. निर्माते मिळत गेले आणि सुटत गेले. शेवटी अभिनेते-निर्माते सोहम शाह ठामपणे मागे उभे राहिले. 'शिप ऑफ थिसियस'चे दिग्दर्शक आनंद गांधी क्रिएटिव्ह डायरेक्टर झाले आणि आदेश प्रसाद सहदिग्दर्शक. शूटिंग २०१२ मध्ये सुरू झालं. पडद्यावर सतत पाऊस दिसायला हवा होता, म्हणून चार पावसाळ्यांत चित्रीकरण झालं. सासवडचा जुना वाडाही त्यात वापरला आहे.

कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत चालते. विनायक हा गरीब विधवेचा मुलगा. वाड्यात सोन्याचा खजिना आहे एवढं त्याला माहीत असतं. मोठा झाल्यावर त्याला तिथपर्यंतची वाट सापडते. वाड्याच्या गर्भात हस्तर कोंडलेला आहे. त्याच्याकडे सोनं आहे, पण भूक शमवायला धान्य नाही. कणकेची बाहुली देऊन त्याला गुंतवायचं आणि तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मोहरा पळवायच्या, हा विनायकचा धंदा होतो. पुढे तो आपल्या मुलालाही हेच शिकवतो.

विनायकच्या बायकोची भूमिका अनिता दाते यांनी, तर आईची ज्योती माळशे यांनी केली. विनायकचा मुलगा पांडुरंग साकारणाऱ्या मोहम्मद समद या बालकलाकारानेच जाड मेकअपखाली शापित म्हातारीही साकारली आहे. ही गोष्ट अनेक प्रेक्षकांना आजही ठाऊक नसते.

मान कसा मिळाला?

२०१८ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या 'क्रिटिक्स वीक' या विभागाची सुरुवात 'तुंबाड'ने झाली. तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो भारतात प्रदर्शित झाला. फिल्मफेअरमध्ये त्याला आठ नामांकनं आणि तीन पुरस्कार मिळाले: छायाचित्रण (पंकज कुमार), कलादिग्दर्शन आणि ध्वनी.

तिकीटबारीवर तेव्हा तो बेताचाच चालला. मग मोबाइलवर पाहणाऱ्यांनी तो एकमेकांना सांगितला, रील्स आणि मीम्स आले, अर्थ लावणारे व्हिडिओ आले. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा चित्रपटगृहांत लावला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. प्रेक्षकांनीच वर आणलेल्या चित्रपटांत त्याचं नाव घ्यावं लागतं.

समीक्षकांना त्यात काय दिसलं? पहिली गोष्ट, इथे अचानक किंचाळून दचकवणं जवळपास नाही. भीती ओल्या भिंतींतून, चिखलातून आणि थांबत नसलेल्या पावसातून येते. दुसरी गोष्ट, राक्षस कोण हे हळूहळू बदलत जातं. हस्तर भुकेला आहे, त्याला फक्त पीठ हवं आहे. विनायकचं पोट भरलेलं आहे, तरी त्याला आणखी हवं आहे. तिसरी गोष्ट, बाप मुलाला वारसा म्हणून हाव देतो. जमीन, वाटणी, भाऊबंदकी यांचे वाद ज्यांनी घरात पाहिले आहेत त्यांना हे लगेच कळतं.

हस्तर खरंच पुराणात आहे का?

नाही. सोशल मीडियावर 'हस्तर हा शापित देव, त्याचं नाव पुराणातून पुसून टाकलं' अशा पोस्ट फिरतात. ती चित्रपटातली कथा आहे, धर्मग्रंथातली नाही. हस्तर आणि त्याची आई असलेली समृद्धीची देवी या कल्पना चित्रपटासाठी रचल्या आहेत. 'हस्तुर' असं मिळतंजुळतं नाव इंग्रजी भयसाहित्यात अँब्रोझ बिअर्स यांच्या कथेपासून दिसतं. एखादी रचलेली गोष्ट इतकी खरी वाटणं हे चित्रपटाचं यश आहे. पण ती खरी म्हणून फॉरवर्ड करू नका.

हसवणारी भुतंही बदलली

गंभीर भयपटांसोबत विनोदी भयपटांनाही नवा मान मिळाला. 'स्त्री' (२०१८) ने रात्री बाहेर पडायला पुरुष घाबरतात अशी उलटी कल्पना केली. मराठीतून पुढे आलेले दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी हा धागा पकडला. त्यांचा 'झोंबिवली' (२०२२) डोंबिवलीतल्या झोंबींची गोष्ट सांगतो. त्यात रोगाचं मूळ पाण्यात आहे आणि टोलेजंग इमारत विरुद्ध शेजारची वस्ती असा संघर्ष आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना पाण्यावरून माणसं कशी बदलतात हे वेगळं सांगायला नको.

सरपोतदार यांचाच 'मुंज्या' (जून २०२४) कोकणातल्या लोककथेवर बेतलेला आहे. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन राहतो, हा समज आपल्याकडेही घरोघरी ठाऊक आहे. मोठा नट नसतानाही या चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचा 'काकुडा' झी फाइव्हवर आला. त्यात लातूरचे रितेश देशमुख भुतं पकडणाऱ्याच्या भूमिकेत आहेत.

भयपट अंधश्रद्धा वाढवतात का?

मराठवाड्यात हा प्रश्न नुसत्या चर्चेचा नाही.

भानामती हा शब्द इथे नवा नाही. घरावर दगड पडणं, कपडे आपोआप पेटणं, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणं, बायकांचं अंगात आल्यासारखं ओरडणं अशा घटना भानामतीच्या नावाने सांगितल्या जातात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणं तपासली. त्यांचा अनुभव असा की त्यामागे घरातलाच कुणाचा तरी हात असतो आणि त्या हातामागे बहुतेकदा दडपलेलं दुःख, जाच किंवा मानसिक आजार असतो. त्या माणसाला उपचाराची गरज असते. पण संशय जातो एखाद्या विधवेवर, एकट्या म्हातारीवर किंवा वस्तीतल्या गरीब कुटुंबावर. करणी केली म्हणून मारहाण होते, गाव सोडायला लावतात. म्हणजे भूत नसलं तरी बळी खरा असतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. या वटहुकमाखाली पहिला गुन्हा सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडमध्ये नोंदवला गेला. असाध्य आजार चमत्काराने बरे करण्याच्या जाहिराती दिल्याचं ते प्रकरण होतं.

या कायद्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्यं दिली आहेत. गुप्तधन किंवा पाण्याचा स्रोत शोधण्यासाठी करणी-भानामतीच्या नावाने केलेले अघोरी प्रकार, नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, एखाद्यावर चेटूक केल्याचा आळ घेणं हे त्यात येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. 'तुंबाड'मधलं गुप्तधन, 'आक्रीत'मधले बळी आणि हा कायदा शेजारी ठेवून पाहिले, तर ज्या भीतीवर हे चित्रपट उभे आहेत तीच भीती कायद्याला थांबवायची आहे, हे लक्षात येतं.

मग भयपट पाहावेत की नाही? पाहावेत, पण एक फरक ओळखून. काही चित्रपट शेवटी मांत्रिकालाच खरा ठरवतात. डॉक्टर मूर्ख निघतो, लिंबू-मिरची कामाला येते आणि झपाटलेली बाई मार खाऊनच बरी होते. असा चित्रपट नकळत गावातल्या भोंदूची जाहिरात करतो. दुसऱ्या बाजूला 'लपाछपी'सारखा चित्रपट भूत दाखवतो, पण बाहेर पडताना प्रेक्षकाला राग येतो तो मुली मारणाऱ्या माणसांचा. भूत दाखवलं की नाही, याने फारसा फरक पडत नाही. दोष कुणाच्या माथी मारला, याने पडतो.

चांगला भयपट कसा ओळखायचा?

पुढच्या वेळी एखादा भयपट पाहाल तेव्हा हे प्रश्न विचारून बघा.

१. आवाज बंद केला तरी भीती वाटते का? फक्त मोठ्या आवाजावर दचकवणारा चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना फिका पडतो.

२. भूत काढून टाकलं तर गोष्ट उरते का? 'तुंबाड'मधून हस्तर काढला तरी हावरा बाप आणि त्याच्यासारखाच होत चाललेला मुलगा उरतो.

३. जागा खरी वाटते का? उसाचा फड, पावसात भिजलेला वाडा, शहरातला फ्लॅट. जागेला स्वतःचा स्वभाव असला की भीती टिकते.

४. झपाटलेली व्यक्ती माणूस म्हणून दिसते का? बऱ्याच जुन्या चित्रपटांत ती फक्त किंचाळणारी बाई असते. तिचं म्हणणं ऐकणारा चित्रपट वेगळा कळतो.

५. शेवटी उत्तर कोण देतं? मांत्रिक, की माणसाचं धाडस आणि समज?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

'तुंबाड' मराठी चित्रपट आहे का?
भाषेने तो हिंदी आहे. कथेची मुळं, दिग्दर्शक, परिसर आणि बरेच कलाकार मराठी आहेत. शीर्षकगीताचं संगीतही अजय-अतुल यांचं आहे. पार्श्वसंगीत मात्र डेन्मार्कच्या येस्पर किड यांचं.

मुलांना दाखवावा का?
'तुंबाड'ला 'ए' प्रमाणपत्र आहे, म्हणजे तो प्रौढांसाठी आहे. मुलांना 'झपाटलेला'पासून सुरुवात करून द्या. सोबत बसा आणि तात्या विंचू ही रामदास पाध्ये यांनी घडवलेली बाहुली आहे हेही सांगा. भीती कशी तयार करतात हे कळलं की ती निम्मी होते.

कुठून सुरुवात करावी?
मराठीत 'लपाछपी', मग 'तुंबाड'. गुन्ह्याची आवड असेल तर 'मानवत मर्डर्स'. हलकंफुलकं हवं असेल तर 'झोंबिवली' किंवा 'मुंज्या'. परभाषेत मल्याळम 'ब्रमयुगम' (२०२४) चुकवू नका. पूर्ण कृष्णधवल असलेल्या या चित्रपटातल्या भूमिकेसाठी मामुट्टी यांना केरळचा राज्य पुरस्कार मिळाला.

गावात कुणावर करणी-भानामतीचा आळ येत असेल तर काय करावं?
व्हिडिओ काढून व्हायरल करू नका. त्याने त्या माणसाचाच जीव धोक्यात येतो. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. हा कायदा अशाच वेळेसाठी आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तालुक्यात असतील तर त्यांना बोलवा. कुणी विचित्र वागत असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या.

शेवटी काय?

भयपटांना मिळालेला मान फक्त पुरस्कारांपुरता नाही. त्यामुळे अशा गोष्टींना निर्माते मिळू लागले, मराठी दिग्दर्शकांना देशभर काम मिळालं आणि धारपांची पुस्तकं नव्या वाचकांच्या हाती गेली. मराठवाड्यातल्या तर अशा कितीतरी गोष्टी अजून पडद्यावर यायच्या आहेत: कोरड्या विहिरी, रिकामे वाडे, ऊसतोडीला माणसं गेल्यावर मागे उरलेली म्हातारी-पोरं. इथला एखादा तरुण मोबाइलवर शॉर्ट फिल्म करायला घेत असेल, तर त्याच्यासमोर दोन वाटा आहेत. भानामती खरी असते असं दाखवून लाइक मिळवायचे, किंवा भानामतीच्या नावाने कुणाचा बळी जातो ते दाखवायचं. पालेकरांनी १९८१ मध्ये दुसरी वाट धरली होती. गेल्या दहा वर्षांत ज्या भयपटांना मान मिळाला, ते बहुतेक त्याच वाटेने गेले आहेत.